फुली

इथे मला चार नंबर म्हणतात.
एरवी मी वर्लीन. एकतीस वर्षं शाळेची बस चालवतेय
पूर्व टेक्सासात, पाइनमधून जाणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यांवर.
नऊ दिवस झाले, बस दुसरंच कोणी चालवतंय
आणि मी एका स्प्रिंगकडे बघत बसलेय.

स्प्रिंग केवढी? तांदळाच्या दाण्याएवढी.
गेमच्या कंट्रोलरमध्ये, अंगठ्याखालच्या दांडीच्या बुडाशी.
अंगठा सोडला की दांडी मधोमध परत येते.
खटला एवढाच :
हे परत येणं कोणाचं?

डॅलसच्या वकिलानं कंट्रोलर उभा चिरून आणलाय,
भोपळा चिरावा तसा. पुरावा क्रमांक अठ्ठावीस.
हातोहात फिरला तेव्हा पाच नंबरनं,
तो ट्रॅक्टरचे टायर विकतो, त्यानं तो हुंगून पाहिला.

मंगळवार अख्खा एका शब्दात गेला : 'लगत'.
स्प्रिंग दांडीच्या लगत असेल, असं पेटंटात आहे.
एक म्हणे, लगत म्हणजे चिकटून.
दुसरा म्हणे, मध्ये केस मावला तरी लगतच.
तासाला सहाशे डॉलर घेणारा तज्ज्ञ, तोही अडखळला.
मिसेस ब्रूसार्डचं कुंपण माझ्या घराच्या लगत आहे
आणि आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही.
पण ज्युररला कोण विचारतंय.

ज्यानं हे शोधलं तो आता नाही.
लेलंड व्हँडरस्लूट, ओहायोचा. पडद्यावर त्याची जुनी साक्ष.
खोकला, पाणी मागितलं, तेवढंसुद्धा कापलं नव्हतं कोणी.
"गॅरेजात केलं. बॉलपेनातली स्प्रिंग कापून."
पेटंट विकून काय मिळालं?
"चार हजार. छप्पर झालं त्यात."
बोलताना त्याचा अंगठा टेबलावर फिरत होता,
कडेला जायचा, मधोमध परत यायचा.
मी खाली बघितलं, तर माझाही.

आता तो कागद ज्या कंपनीचा
तिचं ऑफिस आमच्याच गावात, दातांच्या डॉक्टरच्या वर.
पितळी पाटी, कुलूप,
दाराखालून सरकवलेली पिझ्झ्याची पिवळी पडलेली जाहिरात.
माझी बस रोज तिथेच वळते.
आत दिवा लागलेला एकदाही दिसला नाही.
आणि समोरची कंपनी? तिनं चोरलंच असावं.
तिच्या इंजिनिअरचा ईमेल वाचून दाखवला :
'त्यांच्यापेक्षा आपली छान परत येते.'
दोघांतल्या कोणाचा राग धरायचा
ते न्यायाधीशबाईंच्या सूचनांत नव्हतं.

चिरलेल्या अर्ध्यावर दोन बटणं उरलीत.
एकावर फुली.
बसमधली पोरं दिवसभर तीच दाबतात,
उडी मारायला, दार उघडायला, हो म्हणायला.

माझ्या आजोबांना अंगठेबहाद्दर म्हणावं
तर अंगठाही नाही, ते फुली काढायचे.
छत्तीस साली लाकडाच्या गिरणीवाल्यानं कागद पुढे केला
त्यावर काढली. त्यांना वाटलं, झाडं विकतोय.
झाडांखालची चाळीस एकरही गेली.
आईनं ती नक्कल बायबलात ठेवली होती.
फुलीची एक रेघ सरळ, दुसरी थरथरलेली.
वरच्या मजकुरात 'सदर' होतं, 'लगत' होतं, 'कायमचे' होतं.
वाचून दाखवायला कोणी नव्हतं.

ज्युरीच्या खोलीत सगळ्यांना घर दिसत होतं.
टायरवाला म्हणाला, मधला काहीतरी आकडा टाका नि सुटू.
मी दावा क्रमांक सात मोठ्यानं वाचला.
मग परत. कॉफीवर साय धरली.
चौथ्या वेळी तोच म्हणाला, "थांब, ती 'लगत'ची ओळ पुन्हा घे."

संध्याकाळी फॉर्म माझ्यापुढे सरकवला,
वाचलंस तू, तूच भर.
प्रश्न एक. उल्लंघन झाले काय?
दोन चौकोन. योग्य त्यात फुली करावी.

पेन साधंच, कोर्टाचं.
टोक दाबलं, आतली स्प्रिंग आकसली, टिक्.

एक रेघ सरळ आली.
दुसरीला मी वेळ घेतला.